जुन्या गाडीच्या दाराची काच पुन्हा पुन्हा तिरपी होते, अडकते? मशीन बदलण्याआधी हे बघा

लक्षणं जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत सारखीच असतात. काच खाली उतरताना नीट उतरते, वर येताना मागचा कोपरा मागे रेंगाळतो. शेवटच्या चार बोटांत हँडल जड होतं. जोर लावला की दाराच्या पोटात कट्ट वाजतं आणि काच एका बाजूने चॅनेल (काच ज्यात सरकते ती उभी खाच) सोडते. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, मशीन गेली. नवी टाकून देतो." नवी मशीन (हँडल फिरवलं की काच वर-खाली करणारी दारातली यंत्रणा) पडते, काच काही दिवस मुकाट चालते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मशीन मोडते ती जड काच ओढून ओढून. काच जड का झाली हे कोणी पाहिलेलंच नसतं, म्हणून नवी मशीनही जुनीच्याच वाटेने जाते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर पद्मिनी आणि अँबेसेडर आहेत, पण त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना ते लागू पडेल: बाजूच्या काचा सपाट, हाताने फिरवायचं हँडल, पुढच्या दारात बहुधा तिकोनी काच. अँबेसेडरचं उत्पादन पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ साली थांबलं, पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी. अगदी शेवटच्या पद्मिन्यासुद्धा आता पंचवीस वर्षांच्या आसपास आहेत. एवढ्या काळात दार एकदा तरी ठोकलं गेलंय, पुट्टी भरून रंगवलं गेलंय, कधी तर ते मुळात दुसऱ्याच गाडीचं आहे. मुंबईच्या मोडीत निघालेल्या टॅक्स्यांची दारं, काचा, मशिनी बरीच वर्षं गावोगाव फिरत होत्या. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा तीही वाट अरुंद झाली. म्हणून हाती असलेला भाग नीट बसवणं हेच आता परवडणारं काम आहे.

काच मशीनपासून सोडवा

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकटात होते आणि सगळ्यात कमी लोक ती करतात. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, काच मशीनपासून मोकळी करा आणि नुसत्या हातांनी वर-खाली करून बघा.

पॅड काढायला आधी हँडल निघायला हवं. हँडलच्या मागची वाटी आत दाबा. दांड्यात आडवी पिन दिसली तर बारीक खिळ्याने ठोकून बाहेर काढा. पिन नसेल तर वाटीमागे यू आकाराची स्प्रिंग क्लिप असते. तिच्यासाठी पेचकस खुपसू नका, पॅडवर कायमचे ओरखडे पडतात. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडलमागे घालून दोन्ही टोकं धरून घासल्यासारखी ओढली की क्लिप टण्णकन उडते. कुठे उडते हे बघायला एक माणूस उभा ठेवा, ती परत मिळणं अवघड. पॅडच्या क्लिपा रुंद, पातळ पट्टीने एकेक उचला, त्याही अगदी क्लिपेच्या शेजारी पट्टी घालून. मध्येच उचकटलं तर हार्डबोर्ड फाटतो आणि क्लिप दारातच राहते.

आता मशीनचा हात काचेच्या तळाच्या पट्टीतून सरकवून बाहेर काढा. काही दारांत हाताऐवजी तार असते, तिथे तारेची पकड सैल करा. हे करताना दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांनी धरलेली हवी, नाहीतर ती थेट दाराच्या तळाशी आदळते. हातमोजे घाला. आतल्या पत्र्याच्या कडा कोणी घासून गुळगुळीत केलेल्या नसतात.

हातांनी काच वर-खाली करताना ती सगळीकडे सारख्याच जोराने सरकली, तर चॅनेल ठीक आहेत आणि दोष मशीनमध्ये किंवा तळाच्या पट्टीत आहे. खाली मोकळी पण वर घट्ट, किंवा उलट, असं असेल तर पुढचा आणि मागचा चॅनेल एकमेकांना समांतर नाहीत. सगळीकडेच घट्ट असेल तर चॅनेलचं अस्तर जाड पडतंय किंवा कडक झालंय. आणि काच हाताला अगदी छान चालते, पण दार बंद केलं की अडते, असं दिसलं तर काचेकडे बघूच नका. दाराची चौकट बॉडीला दाबली जातेय.

या एका तपासणीने निम्मा खर्च वाचतो असं माझं ठाम मत आहे. नवी मशीन घ्यायची वेळ खरोखर आली, तर निदान ती का घेतोय हे माहीत असतं.

दार आधी, काच नंतर

दाराची फट पाहताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर घेऊन फटी मोजण्यात अर्थ नाही. पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. जॅक लावल्यावर दाराची फट डोळ्यांदेखत कमी-जास्त होत असेल, तर दाराखालची पेटी आतून गंजलेली आहे. मग काच, बीडिंग (दाराभोवतीची रबरी पट्टी), सगळं बाजूला ठेवून आधी वेल्डिंग करून घ्या. ते टाळून केलेलं कुठलंही काम टिकत नाही.

दार अर्धं उघडा आणि मागच्या टोकाला धरून वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली तर पिन किंवा बुश झिजलाय. इथे बरेच जण एक शॉर्टकट घेतात: खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा) वर सरकवतात, म्हणजे बंद होताना लॉकच दाराला उचलून धरतं. बाहेरून फट सुंदर दिसते. पण दार प्रत्येक वेळी पिळलं जातं, काचेची चौकटही पिळते आणि आतल्या चॅनेलला त्याचा भार सोसावा लागतो. खरं चित्र बघायचं तर स्ट्रायकरची जागा पेन्सिलीने आखून तो काढूनच टाका. मग दार हळूच लोटा आणि ते स्वतःच्या वजनाने कुठे बसतं ते पाहा. बिजागरीचे बोल्ट सैल करून, गरज पडली तर पातळ शिम (पत्र्याची चकती) घालून फट जुळवा. चार-पाच मिलिमीटर फट या गाड्यांना पुरेशी आहे, फक्त ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. स्ट्रायकर सगळ्यात शेवटी बसवा, आणि असा की दार त्यात सरळ शिरेल, ना वर चढेल ना खाली दबेल.

जुन्या 'डुक्कर' फियाटचं पुढचं दार मागच्या बाजूने बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं. तिथे हे सगळं उलटं वाचायचं: खचतं ते पुढचं टोक.

समांतर चॅनेल आणि तळाची पट्टी

तिकोनी काच आणि मोठी काच यांच्यामध्ये जो उभा दांडा असतो, तोच मोठ्या काचेचा पुढचा चॅनेल. त्याचं वरचं टोक चौकटीला पक्कं असतं, पण खालचं टोक दाराच्या पोटात एका बोल्टवर असतं आणि मागे-पुढे हलतं. रंगकाम झालेल्या बहुतेक गाड्यांत हा बोल्ट अंदाजाने कसलेला सापडतो. पेंटरला त्याचं देणंघेणं नसतं आणि काचवाला येईस्तोवर पॅड लागलेलं असतं.

समांतर आहे की नाही हे नजरेने कळत नाही. बांबूची एक कामटी घ्या आणि दोन चॅनेलांच्या तळांमध्ये वरच्या बाजूला अगदी नेमकी बसेल अशी कापा. मग तीच कामटी आडवी धरून खाली खाली सरकवत न्या. मधे अडकली किंवा सैल झाली तर दांड्याचा खालचा बोल्ट सैल करून तेवढा फरक काढा. अस्तर धरून दोन्ही बाजूंना मिळून तीनेक मिलिमीटर मोकळीक काचेला मिळाली पाहिजे. त्याहून कमी ठेवली तर मे महिन्यात अडेल, फार जास्त ठेवली तर खडबडीत रस्त्यावर काच वाजत राहील.

बोल्ट कसताना काच पूर्ण वर असू द्या. काचेलाच चॅनेल ओढून घेऊ द्या, मग कसा. नंतर काच अर्ध्यावर आणून बघा, पूर्ण खाली नेऊन बघा आणि मगच शेवटचा पिळा द्या.

काच तिरपी होण्याचं दुसरं मोठं कारण तळाच्या पट्टीत आहे. काचेचा खालचा काठ एका लोखंडी यू-पट्टीत रबराच्या पातळ अस्तरासह ठोकून बसवलेला असतो, आणि मशीन तिलाच उचलते. पट्टी काचेवर एक सेंटीमीटर जरी पुढे-मागे बसली, तरी मशीन काचेला तिच्या तोलाच्या जागी न उचलता भलतीकडून उचलते. मग चॅनेल कितीही चांगले असोत, एक कोपरा पुढे आणि एक मागे राहणारच. म्हणून जुनी पट्टी काढण्याआधी तिची दोन्ही टोकं काचेवर मार्करने आखून ठेवा. खूण नसेल आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूची काच शाबूत असेल, तर तिथलं माप घ्या. पण ते आरशात पाहिल्यासारखं उलटं लावायचं आहे हे विसरू नका.

पट्टी बसवताना अस्तराला साबणाचं पाणी लावा, काच जाड गोधडीवर उभी करा आणि लाकडी ठोकळा मधे धरून हळूहळू ठोका. कधीही नुसत्या हातोडीने नाही. काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) असेल तर कडेला बसलेला एक घाव पुरे आहे, सगळ्या काचेचा चुरा होतो. त्याच कारणाने टफन्ड काच घासून 'थोडी कमी' करता येत नाही. कोणी घासून देतो म्हणाला तर गाडी तिथून हलवा.

चॅनेलचं अस्तर नवं घ्यायचं असेल तर जुन्याचा वीतभर तुकडा आणि काचेच्या जाडीचं माप सोबत न्या. नागपूरच्या इतवारीत किंवा कुठेही मीटरवर मिळणारा मखमली चॅनेल 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं सांगून विकला जातो, पण तो जाड काचेसाठी बनलेला असेल तर काच आत डुगडुगते आणि पातळ काचेचा असेल तर तिचा श्वास कोंडतो. कोपऱ्यावर चॅनेल गोल वाकवू नका, आतली पट्टी इंग्रजी व्ही आकारात कापून मगच काटकोनात दुमडा. गोल वाकवला तर मखमल आत गोळा होते आणि नेमकी त्या शेवटच्या चार बोटांत काच अडते. चिकटवायचं सोल्यूशन फक्त ठिपक्यांनी लावा, पुढच्या वेळी चॅनेल काढायचा आहे.

आणि मखमलीला ग्रीस किंवा तेल नको. जड काच हलकी करायचा हा नागपुरातला लाडका उपाय आहे आणि तो सगळ्यात वाईट आहे. आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ, त्यात सिमेंट रस्त्यांच्या कामाची भर. ती त्या ग्रीसला चिकटते, आणि मग काच वर-खाली होताना स्वतःला पॉलिश पेपरने घासत जाते. उभे ओरखडे आलेली काच दिसली की समजावं, कोणीतरी प्रेमाने तेल घातलंय. कोरडा सिलिकॉन स्प्रे चालतो. तो नसेल तर पंक्चरवाल्याकडचं शंखजिरं घ्या, चिमूटभर पुरतं. ग्रीस फक्त मशीनच्या दात्यांना आणि हाताच्या रोलरला.

रबर

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून बराच जास्त तापतो. स्वस्त पीव्हीसीची बीडिंग दोन-तीन उन्हाळ्यांत आखडते, कोपऱ्यात फट पडते आणि ती कडक होऊन काचेला खरवडू लागते. ईपीडीएम रबर महाग वाटतं, पण ऊन आणि ओझोन दोन्ही सोसतं. निवड करायची असेल तर काच उतरते त्या फटीची बाहेरची पट्टी आणि दाराभोवतीची बीडिंग चांगली घ्या, बाकीचं चालून जातं.

बसवताना बीडिंग ओढायची नाही. ओढली की ती लांब होते, आपण उरलेलं टोक कापतो आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ती मूळ लांबीवर येते तेव्हा जोड उघडा पडतो. उलट थोडी दाबत, ढकलत बसवा आणि जोडाशी पाचेक मिलिमीटर जास्त ठेवून कापा. जोड दाराच्या खालच्या कडेला आणा, वर कधीच नको.

नवी बीडिंग लावल्यावर दार बंद होत नाही म्हणून लगेच बिजागऱ्या सैल करायला घेऊ नका. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडकाव लागला तर बीडिंग बरोबर आहे. दोन-चार दिवस दार पूर्ण बंद ठेवून गाडी उन्हात उभी राहू द्या, ती दबते. फक्त एकाच जागी पट्टी गच्च अडकत असेल तर तिथे पत्र्याची कड उठलेली आहे, ती बसवायची. अख्ख्या पट्टीवर दार उभंच राहत असेल तर तुम्हाला जाड बीडिंग विकली गेली आहे, आणि ती वाया गेली तरी बदला.

पॅड दरवर्षी का फुगतं

पाऊस सुरू झाला की पॅडच्या खालच्या कडेला डाग येतो, पोळ्यापर्यंत हार्डबोर्ड फुगतो, क्लिपा सुटतात. फुगलेलं पॅड काच उतरण्याच्या फटीवर दाबलं जातं आणि काच पुन्हा जड होते. मग पुन्हा मशीनचं नाव निघतं. इडापीडा पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीसोबत जात असेल, ही मात्र जात नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली की बाकी सोपं आहे: दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेवरून ओघळणारं पाणी काही प्रमाणात फटीतून आत जाणारच, गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच दाराच्या तळाला छिद्रं ठेवली. दोष दोन ठिकाणी असतो. एक, ती छिद्रं बुजलेली असतात. कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर वाळली पानं आणि मोहोर यांचा आत लगदा होतो, आणि रंगकामात पुट्टी किंवा अंडरकोट छिद्रात जातो तो वेगळाच. तारेने प्रत्येक छिद्र मोकळं करा, मग फटीतून तांब्याभर पाणी ओतून ते खालून निघतंय का बघा. दुसरं, पॅडमागचा प्लास्टिक कागद. जो कोणी पॅड उघडतो तो हा कागद फाडून टाकतो, कारण त्याचा उपयोग त्याला दिसत नाही. आतल्या पत्र्यावर उडालेलं पाणी हार्डबोर्डपर्यंत पोचू नये म्हणून तो असतो. जाड प्लास्टिक कापून ब्युटाइल टेपने (रबरी चिकट पट्टीने) चारही बाजू चिकटवा, आणि खालची कड पत्र्याच्या आत, दाराच्या पोटात खोचा. ही कड बाहेर राहिली तर पाणी कागदावरून थेट पॅडवर उतरतं, म्हणजे कागद असून नसल्यासारखा.

नवं पॅड करून घेणार असाल तर रेक्झिन चढवण्याआधी हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला आणि विशेषतः कडांना वॉर्निश मारून घ्या. कुशनवाला म्हणेल, "अजी, मांगून कोन पाहते?" तरी मारून घ्या. जुन्या पॅडवरची क्लिपांची छिद्रं नव्यावर जशीच्या तशी उतरवा. हँडलचं छिद्र हँडलच्या दांड्यापेक्षा थोडंच मोठं असावं.

बाहेरच्या चकाकत्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात: क्लिपेच्या प्रत्येक छिद्राभोवती रंगाचा थेंब आणि थोडं सीलंट लावल्याशिवाय क्लिप घालू नका, गंज तिथूनच सुरू होतो. छिद्राशेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा, पट्टी एका टोकाकडून अडकवत न्या. पिचकलेली स्टीलची पट्टी आतून हलक्या हाताने ठोकून सरळ होते. ॲल्युमिनियमच्या ॲनोडाइज केलेल्या पट्टीला पॉलिशच्या चाकावर देऊ नका, वरचा थर गेला की ती काळवंडतच राहते.

सगळं जोडून झालं की पाण्याची परीक्षा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप नको, त्या जोराला नवी गाडीही गळते. साधा बागेचा पाइप घ्या, दाराच्या खालून सुरुवात करून हळूहळू वर या, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पॅड कोरडं आहे, प्लास्टिक कागदाची कड कोरडी आहे, आणि तरी पायाखालच्या मॅटखाली ओल सापडते, असं बरेचदा होतं. ते पाणी दाराचं नसतं. डॅशबोर्डखाली दोन्ही कोपऱ्यांत शंखजिरं भुरभुरवा आणि पुढच्या काचेच्या रबरावर पाणी सोडा. पावडरीत रेघ उमटली की वाट सापडली, आणि दाराला पुन्हा हात लावायची गरज नाही.